सलीमभाईंच्या दुकानात एआय

दुकानात एआय आल्यापासून काम लवकर उरकतं, असं सगळे म्हणतात. उरकत असेल. चहाला मात्र हल्ली आम्हाला जास्त वेळ लागतो, कारण सांगण्यासारखं काहीतरी रोज घडलेलंच असतं!

बिबवेवाडीत सलीमभाईंचं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, दुकानांच्या पाट्या. केतकी डिझाइन करते, मी मजकूर तपासते.

*

मार्केट यार्डातले एक कांद्याचे व्यापारी मुलीच्या पत्रिकेचा मजकूर घेऊन आले.

"मॅडम, तपासू नका. एआयकडून लिहून घेतलाय. एक नंबर आहे."

होताही. कुलदैवत, मुहूर्त, आप्तेष्ट, सगळं जागच्या जागी. फक्त शेवटी एक ओळ होती: 'आमच्या सेवेबद्दल आपला अभिप्राय अवश्य कळवा.'

म्हटलं, "एवढं काढते."

त्यांनी जरा विचार केला. "काढा. लोक तसेही कळवतातच."

*

काउंटरवर माणूस हवा होता. जाहिरात दिली, अर्ज आले. प्रत्येकाचं पहिलं वाक्य तेच: 'मी एक उत्साही, होतकरू आणि संघभावना जपणारी व्यक्ती आहे.' त्यात बँकेतून रिटायर झालेले एक काकाही होतकरू निघाले!

सलीमभाईंनी त्यांनाच बोलावलं. "आपण स्वतःबद्दल थोडं सांगा."

"अर्जात आहे की सगळं."

"तो वाचला. आपल्या तोंडून ऐकायचंय."

काका शांतपणे म्हणाले, "मग आधी मला वाचावा लागेल. मुलीने करून दिलाय."

सोमवारपासून ते कामावर आले. "इतक्या अर्जांत खरं बोलणारा हा एकच," सलीमभाई म्हणाले.

*

पाट्यांची डिझाइनं एआय भराभर द्यायला लागलं, तशी केतकी गप्प गप्प राहायला लागली. एक दिवस तिने विचारूनच टाकलं.

"सर, माझी नोकरी राहील ना?"

सलीमभाईंचे वडील हाताने पाट्या रंगवायचे. अख्खा रस्ता त्यांच्या अक्षरांचा होता.

"फ्लेक्सचं मशीन आणलं, तेव्हा अब्बांनी मला हेच विचारलं होतं. मी म्हटलं, काळजी करू नका."

"मग?"

"मग त्यांच्या हातात ब्रश पुन्हा कधी आलाच नाही."

केतकी उठून पाणी प्यायला गेली. ती परत आली, तर सलीमभाई तिच्या कॉम्प्युटरपाशी खुर्ची ओढून बसलेले.

"बस. दोघं मिळून शिकू. तुला नुसतंच 'काळजी करू नको' म्हणणार नाही."

हल्ली दोघं रोज तासभर आधी येतात. सलीमभाई अजून पासवर्डपाशीच आहेत!

*

आणि ही एका फोटोची गोष्ट. कोथरूडहून एक काकू मुलाला घेऊन आल्या. यजमान नुकतेच गेले होते. भिंतीवर लावायला फोटो मोठा करायचा होता, पण जवळ होता तो ओळखपत्राचा, पुसट.

केतकीने तो एआयला दिला. चेहरा लख्ख उजळला. चष्मा, कपाळावरची आठी, सगळं नीट आलं. आणि ओठांवर थोडंसं हसू आलं, जे मूळ फोटोत नव्हतं.

काकू बराच वेळ बघत राहिल्या.

"हे आमचे नाहीत. आमचे असे कधी हसले नाहीत."

मुलगा वैतागला. केतकीचा चेहराच उतरला. "सॉरी काकू. हसू लगेच काढते."

"थांब गं."

काकूंनी पदराने चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"राहू दे. इतकी वर्षं तोच चेहरा बघितला. हे बरे आहेत."

मुलगा काही बोलणार, तोच त्या म्हणाल्या, "आणि ह्यांचीच एक छोटी प्रत दे. पर्समध्ये ठेवते."