जंगलाआधीची झोप

मल्लेश्वरमला आमच्या शेजारी राहणारे काका प्रत्येक वाक्याआधी ‘स्वल्प’ म्हणतात, म्हणजे कानडीत ‘जरासं’. त्यांचा आवाजही तसाच, अर्धा स्वप्नात राहिलेला. यंदा त्यांनी आत झोपता येईल अशी मोठी गाडी भाड्यानं घेतली आहे. काकूंना घेऊन ते जंगलाकाठी राहणार आहेत. अडलं होतं ते एवढ्यावरच, की सोबत जनरेटर न्यायचा का? काकूंना झोपेत श्वासासाठी यंत्र लागतं आणि ते विजेवर चालतं.

“जंगलात धूर आणि घरघर न्यायचा आपल्याला काय अधिकार?” मी भांडले.

“स्वल्प खरंय गं. मलाही तिथली शांतता ऐकायचीय. गाडीची बॅटरी पुरेल म्हणतात.”

म्हणून काल दुपारी सोनचाफ्याखाली उभ्या गाडीत काकू बॅटरीवर यंत्र लावून झोपल्या. टपावर फुलं पडत होती, पडदे हलत होते, सारी गल्ली पाण्याखाली असावी तशी संथ झाली होती. मी चहा घेऊन गेले, तर काका उशाशी ताठ बसलेले, नजर यंत्राच्या हिरव्या दिव्यावर. चहाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

काकूंनी जाग येताच मास्क काढला. “अहो, रात्रभर असेच दिव्याकडे बघत बसलात तर जंगल कोण बघणार? घ्या तो जनरेटर.”

“सरी,” म्हणजे ‘बरं’, एवढंच म्हणून काका तिथेच आडवे झाले आणि घोरू लागले.

धुराबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. गाडीचं दार मात्र मी आवाज न करता ओढून घेतलं.