ह्यांना सायकल पसंत पडेना

चार महिने! लेकीचं लग्न जमवायलासुद्धा आमच्या घरात एवढा वेळ लागला नव्हता, जेवढा मला एक बॅटरीची सायकल पसंत करायला लागला. मला म्हणजे ह्यांना. मला तर पहिल्याच दिवशी, पहिलीच पसंत पडली होती.

आम्ही राहतो येडशीला आणि मी शिकवते ती शाळा ढोकीच्या अलीकडं, अकरा किलोमीटरवर. यष्टीची वेळ शाळेच्या वेळेशी कधी जुळली नाही. स्कुटी शिकताना एकदा थेट उसाच्या फडात घुसले आणि तो नाद सोडला. त्यामुळं रोज हेच मोटरसायकलवर सोडायचे आणि हेच आणायचे. क्लार्क म्हणून रिटायर झाल्यापासून तर तीच त्यांची नोकरी झाली होती. दिवाळीनंतर डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं, काचबिंदू आहे, डाव्या बाजूचं दिसणं गेलंय ते परत यायचं नाही, आता गाडी बंद करा. माझ्यासमोर सांगितलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरलो, ह्यांनी किल्ली काढली आणि म्हणाले, "बस."

"अहो, आत्ता काय सांगितलं त्यांनी?"

"त्यांना काय कळतंय? ह्या रस्त्याचा खड्डा न् खड्डा मला पाठ हाय."

असतील हो पाठ! पण खड्डे जागचे हलत नाहीत. कारखाना सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर हलतात, दोन-दोन ट्रॉल्या लावून शेताच्या वाटेनं एकदम डांबरीवर येतात. पौषात असाच एक डावीकडनं आला. मी किंचाळले म्हणून ब्रेक लागला. वर मलाच म्हणाले, "कानात वरडू नको, तोल जातोय." त्या दिवशी ठरवलं, ह्या माणसाला गाडीवरून उतरवायचं, नाहीतर एक दिवस दोघंही ट्रॉलीखाली जाऊ. भांडून उतरणाऱ्यातले हे नव्हेत. पण मला न्यायचं-आणायचं कामच उरलं नाही तर गाडी काढतील कशाला? म्हणून सायकल.

शाळकरी वयात मी सायकल चालवलेली, ते अंगात होतं. शाळेतल्या एका तरुण बाईंनी मोबाईलवर दाखवली. ट्रेकिंग सायकल म्हणतात तिला. गिअरची, पायडल मारलं की मोटर जोर देते, मागं भक्कम कॅरिअर, दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवायची सोय. रोज शाळेला न्यायची, रविवारी लांब फिरायला. मी हौसेनं ह्यांना दाखवली आणि तिथंच चुकले. निवडायचं काम आपल्याकडं आलंय, असं ह्यांनी धरूनच टाकलं.

"ट्रेकिंग? तू शाळेला चाललीस का गडावर?"

तिथून जे सुरू झालं! मोटर मागच्या चाकात असली तर, "पंक्चर झाल्यावर चाक कोण खोलणार?" पायडलापाशी असली तर, "बिघडली तर इथं कुणाच्या बापाला कळतंय?" बॅटरी लहान असली तर अर्ध्या वाटेत मरणार, मोठी असली तर मला उचलणार नाही. सीट बारीक. रंग काळा, शनिवारी घ्यायची का? दोनदा यष्टीनं सोलापूरला जाऊन आलो. पहिल्यांदा ह्यांनी दुकानदाराला विचारलं, "कॅरिअरवर पोतं बसंल का?" कसलं पोतं? आमच्या घरात पोतं आणतंय कोण? दुसऱ्यांदा बाजारात बैल बघावा तसं चारी अंगानं फिरले, टायर दाबले, मडगार्ड वाजवलं आणि म्हणाले, "बघू. इचार करून सांगतो." घ्या! दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरसायकल पुसून दारात तयार.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ह्यांना सायकल नापसंत नव्हतीच. सायकल ठरत नाही तोवर गाडी चालू, एवढंच होतं. आणि मी बावळट, मोटरीचे प्रकार पाठ करत बसले होते!

त्याच आठवड्यात जेवताना नवीन काढलं, "रस्त्याला ट्रॉल्या लई असतात. तुला कुणी उडवलं म्हंजे?"

"मला निदान ट्रॉली दिसती तरी!"

बोलून गेले आणि जीभ चावली. हे ताटातलं संपवून उठले. दोन दिवस घरात नुसता टीव्ही बोलत होता. मला वाईट वाटत होतं आणि संतापही येत होता. खरं बोललेलं एवढं का लागावं? तिसऱ्या दिवशी आपणहून म्हणाले, "चल सोलापूरला. पण चालवून बघितल्याबिगर घ्यायची न्हाय."

दुकानामागं मोकळं पटांगण होतं. मी ओढणी खोचली आणि बसले. पायडल मारलं तशी मोटर लागली, बापानं मागून सीट धरून ढकलावं तशी. त्रेपन्नाव्या वर्षी मी एकटीच खिदळत दोन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेला हे दुकानदाराला साखळीबद्दल काहीतरी शिकवत उभे होते. मी त्यांच्या डावीकडनं येत होते. भर उजेड, मोकळी जागा, माझी ओढणी लालभडक. घंटी कशाला वाजवू? आणि हे बोलता बोलता एक पाऊल पुढं आले, सरळ माझ्या चाकापुढं. मी दोन्ही ब्रेक करकचून दाबले. चाक त्यांच्या गुडघ्याला टेकून थांबलं.

"कुठनं आलीस?" ते दचकून म्हणाले.

कुठनं म्हणजे? अहो, तुमच्या डावीकडनं! अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांचं तोंड बघितलं आणि गिळलं. इथं ना ट्रॉली होती, ना खड्डा, ना कानात ओरडणारी मी. त्यांनी मान पूर्ण वळवून डावीकडच्या रिकाम्या पटांगणाकडं बघितलं.

मग हँडलवर हात ठेवून म्हणाले, "ब्रेक चांगले हायत. हीच घे."

चार महिन्यांचा राग तसाच होता आणि डोळ्यांना पाणी. दुकानदार खुशीत पावतीबुक आणायला निघाला, तर ह्यांनी त्याला थांबवलं. "जुनी मोटरसायकल बदल्यात घेता का हो?"

तो हसला. "सायकलीवर मोटरसायकल? काका, लोक उलटं विचारतात. आमच्याकडं तशी सोय न्हाई."

"मग गिऱ्हाईक बघून द्या. किंमत काय का येईना. पण ह्या आठवड्यातच न्यायला सांगा," हे म्हणाले. "दारात ऱ्हायली तर मी पुन्हा काढीन."