यमुनाबाईंची बाज

यमुनाबाई गेल्या त्याला काही आठवडे झाले, तरी आमच्या गल्लीतली कुजबुज थांबलेली नाही. शेवटची घरघर लागली तेव्हा घरच्यांनी, शेजाऱ्यांनी घाई केली, की बाईंना बाजेवरून खाली घ्या. मी पायथ्याशी उभी राहिले आणि नाही म्हणाले. तुळशीपत्र ठेवलं, पाणी घातलं, पण खाली उतरवू दिलं नाही. म्हातारी हट्टाला पेटली, असं लोक म्हणाले. म्हणोत बापडे! बाईंचा जीव बाजेवरच गेला, आणि तो का, हे एकदा सांगून टाकावं म्हणून लिहायला बसले आहे.

बाई माझ्या धाकट्या नणंद. वयानं माझ्याएवढ्याच, पण आमच्या घरात नणंदेला नावानं हाक मारायची नाही, म्हणून बाई. निजामाचं राज्य जाता जाता त्या हैदराबादेत नर्सिंग शिकल्या. दुकानदाराच्या घरची पोर परक्यांचं हगणंमुतणं काढणार, म्हणून सासूबाईंनी तेव्हा अन्न सोडलं होतं म्हणे. बाई पांढरे कपडे आणि फर्डी उर्दू घेऊन परत आल्या आणि इकडच्याच एका दवाखान्यात लागल्या. ड्यूटीवरून आल्या की अंगाला फिनेलचा वास यायचा. मी विचारायची, "आज कोणतं अत्तर लावलं?" त्या म्हणायच्या, "तुमच्या सैपाकापरीस आमची दवाखान्याची पेज बरी, वयनी." असं आमचं चालायचं.

मग राज्यांची फेररचना झाली. हैदराबाद राज्याचे तुकडे पडले. नांदेडकडचा मुलूख मुंबई राज्यात गेला, आमचा आदिलाबाद जिल्हा आंध्रात गेला. दवाखान्यात उर्दू मागं पडून तेलुगू आली. मराठी नोकरदार बदल्या मागून घेऊ लागले. आमच्या ह्यांनीही बहिणीच्या मागं लकडा लावला, "नांदेडले आपली बोली हाये, आपले लोक हायेत. इथं काऊन राह्यते?" शेवटी बाईंनी अर्ज केला आणि तो मंजूर झाला. पेटी भरून झाली. मी लाडू वळले आणि वळता वळता रडलेही... इतकी वर्षं जिच्याशी भांडले, ती गेल्यावर भांडायचं कुणाशी?

निघायच्या आदल्या दुपारी मी डबा घेऊन दवाखान्यात गेले होते, म्हणून पुढचं सारं डोळ्यांनी पाहिलं. तलमडुगुकडची कौसल्या नावाची ओली बाळंतीण तापानं फणफणली होती. लोखंडी खाट उंच, आणि पोर भ्रमात उठून पळायला बघायची. ती पडू नये म्हणून नव्या डॉक्टरांनी तिची गादी खाली फरशीवर घालायला लावली. माणूस चांगला होता, आणि त्याच्या परीनं बरोबरही होता. पण तेवढ्यात तिचे सासू-सासरे भाकरी घेऊन आले आणि दारातच थिजले. आमच्याकडे आजारी माणसाला खाली घेतात ते जीव जाताना. सासूनं हंबरडा फोडला. सासरा म्हणाला, "घरी नेतो. जीव जायाचा त आपल्या घरी जाऊ द्या." डॉक्टर तेलुगूत समजावत होते, मोडक्या हिंदीत समजावत होते, पण ऐकतो कोण? बाहेर बैलगाडी उभीच होती. त्या धक्क्यांत पोर गावापर्यंतसुद्धा टिकली नसती.

बाई आत आल्या. कुणाशी वाद घातला नाही. कौसल्येच्या गादीशेजारी फरशीवर, त्या इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांनिशी, सरळ आडव्या झाल्या! मला तर लाजच वाटली.

"मावशी, मी बी खालीच हाओ नं? मी काय मरून राह्यली?"

सासू रडता रडता थांबली. सासरा मात्र ऐकेना. "बाई, तुमाले काय? तुमी उद्या नांदेडले चालल्या. मंग इच्याकडं कोण पाहीन?"

बाई छताकडे बघत पडून राहिल्या...

"नाई जात," त्या म्हणाल्या. "ही बरी झाल्याबिगर मी कोठंच नाई जात." आणि मान वळवून मला म्हणाल्या, "वयनी, घरची बाज पाठवा."

ती बाज माझी होती, माझ्या बाळंतपणातली. ठेंगणी, दोरीनं विणलेली, जमिनीपासून हातभर उंच. मला एका शब्दानं विचारलं नव्हतं! दवाखान्यात गेलेली बाज पुन्हा घरात येणार नाही, असं सासूबाईंनी बजावलं. तरी मी पाठवली. कौसल्या बाजेवर आली तेव्हा सासऱ्यानं बाहेर जाऊन बैल सोडले. पोर वाचली. ती घरी गेली तर तिच्या जागी दुसरी आली, मग तिसरी, आणि बाईंची भरलेली पेटी माझ्या माळ्यावर तशीच राहिली. त्या डॉक्टरांकडूनच त्या तेलुगू शिकल्या आणि पुढे त्याच भाषेत त्यांच्याशी भांडून वॉर्डासाठी ठेंगण्या बाजा करून घेतल्या. तेव्हा माझी बाज परत आली. सासूबाई नाक मुरडत असताना बाईंनी ती कढत पाण्यानं धुतली, उन्हात टाकली आणि स्वतःच्या खोलीत नेली. जन्मभर त्या तिच्यावरच झोपल्या. दोरी सैल पडली की ताणायच्या आणि तळव्यानं थाप मारून बघायच्या. म्हणायच्या, "ढिल्या बाजेवरचा रोगी अर्धा खालीच अस्ते."

मेलेल्या माणसाची बाज देऊन टाका, असं आता सगळे सांगतात. मागच्या आठवड्यात कौसल्या भेटायला आली. तिचेही केस पांढरे झाले आहेत. भेटायला येणारे सतरंजीवर बसतात. ती थेट बाईंच्या खोलीत गेली आणि बाजेवर आडवी झाली. अंगाखालची दोरी तिनं हातानं चाचपली. मग म्हणाली, "ढिली झाली वो, वयनी."

आम्ही दोघी म्हाताऱ्यांनी पाय रेटून दोरी ताणली. मी थाप मारून पाहिली, तिनंही पाहिली.

बाज कुणाला द्यायची नाही, आणि माझी वेळ आली की मलाही खाली उतरवायचं नाही, हे मी मुलांना बजावून ठेवलं आहे. त्याआधी दोरी तेवढी ताणून घ्या, म्हटलं.