वीतभर पंख

उतरण्याचा इतका ध्यास घेतलेला माणूस माझ्या मामांखेरीज अख्ख्या खानदेशात दुसरा सापडायचा नाही. वर काय, कोणीही जातं, असं त्यांचं ठाम मत. धुळ्याजवळ विमान चालवायला शिकवतात तिथे त्यांनी छोट्या विमानांची दुरुस्ती करण्यात उभी नोकरी काढली, पण विमान उडताना त्यांनी कधी मान वर केल्याचं कोणाला आठवत नाही. एखादं उतरायला लागलं की मात्र हातातला पाना ठेवून ते धावपट्टीकडे बघत उभे राहायचे. ही खोड पुढे सगळीकडे लागली. धुळे-जळगाव एसटीत ते ड्रायव्हरच्या मागेच बसणार, आणि एरंडोलच्या स्टँडवर गाडी दणकन थांबली की सुनावणार, "भाऊ, वेग आधी कमी करायला हवा होता." एकदा एक ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "नाना, हाई बस शे, इमान नही." मामांना तो फार आवडला. माझ्या लग्नाच्या वेळी मुलगा बघताना घरातले बाकीचे सगळे पगार-शिक्षण विचारत होते. मामांनी एकच प्रश्न विचारला, "रागावलात तर खाली यायला किती वेळ लागतो?" माझा नवरा अजून त्याचं उत्तर शोधतो आहे.

निवृत्तीनंतर ते जळगावला मेहरूणमध्ये राहायला आले आणि घरामागच्या शेडमध्ये त्यांनी रिमोटवर उडणारं एक छोटं विमान बांधायला घेतलं. छोटं म्हणायचं इतकंच, पंख शेडच्या दारातून तिरपे करूनच बाहेर काढावे लागत. मामी खापरावर मांडे करायला बसल्या की मामांचं व्याख्यान सुरू. मांडा हातावर फिरून पसरत चालला की ते म्हणत, "पंख असाच ऐसपैस हवा. मोठा पंख कमी वेगातही विमानाला धरून ठेवतो, म्हणून सावकाश उतरता येतं. वर गेल्यावर तोच हवा अडवतो आणि वेग खातो, हे खरं. पण लहान केला तर जातं सुसाट आणि उतरतंही सुसाट." मागच्या कडेला सरकत्या पट्ट्या, म्हणजे फ्लॅप, लावून पंख उतरण्यापुरता वाढवता येतो, हे त्यांना ठाऊक होतं, पण ते म्हणजे पाहुणे आल्यावर उघडायची घडीची खाट, ऐनवेळी अडकली तर? मामींना एवढंच दिसायचं, "तुमनं इमान चुलामा घाला, मांडा करपी राहिना!"

मामांचं विमान पहिल्यांदा तलावाकाठी उडालं तेव्हा एक बगळा त्याच्या पुढे निघून गेला. समोरून वारा आला तर ते जागच्या जागी तरंगत राहिलं. त्यांची मुलगी मनू, माझी मामेबहीण, हसून हसून खाली बसली. "बाबा, दोन्ही पंखांतून वीत-वीत कापा. हे कुठे पोचणार आहे का?"

"पोचणं सोपं आहे. कापलेला पंख परत जोडता येत नाही."

हा वाद घरात चारेक वर्षं चालला. मनूचं नाव विमान शिकायला घातलं, तेही मामांच्याच जुन्या धावपट्टीवर, तरी तो संपला नाही. शिकायची विमानं रुंद पंखांची, चुका पोटात घालणारी असतात, असं मामा सगळ्यांना सांगत सुटले. ते खरं तर स्वतःलाच समजावत होते.

मनू पहिल्यांदा एकटी उडणार होती, त्या दिवशी मामांसोबत मी गेले होते. एकच चक्कर मारायची आणि उतरायचं. ती वर गेली, वळली, परत आली. आयुष्यभर प्रत्येक उतरणं निरखणारे मामा तेव्हा धावपट्टीकडे पाठ करून कुंपणाची तार दोन्ही हातांनी धरून उभे होते. "मामा, बघा ना," मी म्हटलं. "आवाजावरून कळतं," ते म्हणाले. चाकं टेकली. एक बारीक उडी, मग सरळ. मामा वळले तेव्हा डोळे ओले होते. मनू धावत येऊन म्हणाली, "कसं उतरले?" "जरा वेगात," मामा म्हणाले. "पण उतरलीस."

मनू आता मोठी, वेगवान विमानं चालवते. त्यांचे पंख निमुळते असतात, आणि जळगाव तिच्या वाटेत येत नाही. उतरल्यावर ती मामांना फोनवर एकच शब्द लिहून पाठवते, "उतरले." तो येईपर्यंत मामा जेवायला बसत नाहीत आणि मामी वाढतही नाहीत.

मागच्या दिवाळीत मी शेडमध्ये डोकावले. विमान दारातून सरळ बाहेर काढता येईल एवढं झालं होतं. दोन्ही पंखांतून वीत-वीत कापलेली. "वेग आला का?" मी विचारलं. "आला ना. बगळा मागे पडतो आता," मामा म्हणाले, पण आवाजात फारसा आनंद नव्हता. नंतर स्वयंपाकघरात मामी हळद काढायला उठल्या तेव्हा मला फडताळात, डब्यांच्या मागे, जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी दिसलं. कापलेले दोन तुकडे होते. कडा घासून गुळगुळीत केलेल्या, आणि प्रत्येकावर पेन्सिलीने कोणता डावा, कोणता उजवा ते लिहिलेलं.