वाऱ्याच्या उलट आलेलं दुसरं कडवं

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आयुष्यभर तोंडावर खोटारडा म्हटलंय. आजही म्हणतो. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही धड नाही... पण वारा, भरती आणि खडक यांत माझी चूक काढणारा माणूस अजून भेटलेला नाही. म्हणून हे लिहितोय. हसायचं असेल त्याने हसावं, पण मग कारणही सांगावं.

गोवा मोकळा झाला, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मालवणजवळच्या तोंडवलीच्या खालच्या अंगाला खाडी दर्याला मिळते, तिथे आमचा क्रिस्तावांचा आठ घरांचा वाडा. वाड्याच्या टोकाला, अगदी खाडीच्या तोंडावर, चुना दिलेला क्रूस. होडी आत घेताना तिचं तोंड क्रुसाच्या रेषेत धरायचं — एका बाजूला खडक, दुसरीकडे वाळूची पट्टी, मध्ये जेमतेम दोन होड्यांची वाट. हिंदू असो की क्रिस्ताव, सगळ्यांची खूण तीच.

मे महिन्यात त्याच क्रुसासमोर संध्याकाळी लदीन व्हायची, म्हणजे सगळा वाडा जमून प्रार्थना आणि गायन. माझ्या वडिलांना एक खोड होती. लोक पहिल्या कडव्याचा शेवटचा सूर ओढत असायचे आणि हा माणूस दुसरं कडवं सुरू करून मोकळा. दरवेळी. पोरी तोंडाला पदर लावून हसायच्या. एका संध्याकाळी मला फार लाज वाटली. सगळ्यांसमोर म्हणालो, "बाबा, गप रव. लोक हसतत आमका."

उरलेला महिना ते लदिनीला ओठ मिटून उभे. त्याच पावसात तापाने गेले. पुढचे दोन मे महिने माय सांगत राहिली, "इनास, बापाशीच्या जाग्यार रवून तू म्हण." मी म्हटलं नाही. माफी मागायची राहिली होती, आणि आता मागणार कोणाकडे?

त्या दुसऱ्या वर्षीचा दसरा होऊन गेला होता. दुपारी तीनचा सुमार. होडीत आम्ही दोघंच — सुकाणूवर मुकुंद तांडेल, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, हिंदू गाबीत कोळी, आणि वल्ह्यांवर मी. परतताना खाडीचं तोंड अर्ध्या मैलावर असताना पश्चिमेकडून काळं उठलं. पाच मिनिटांत असा पाऊस, की होडीचं दुसरं टोक दिसेना. क्रूस गेला, किनारा गेला. खडकावर फुटणाऱ्या लाटांचा आवाज मात्र चहूकडून.

मुकुंद म्हणाला, "इनास, माझ्या सगळ्या देवांका हाक मारून झाली. आता तुझ्या बापाशीचा ता गाणा म्हण."

"माका येणा नाय."

"येता तुका. तुझो माज आडवो येता. बुडताना तरी सोड रे मेल्या."

मला राग आला. रागातच सुरू केलं. दर्यावरच्या माणसाला सायबिणीने, म्हणजे मारिया मातेने, हात द्यावा, असं ते जुनं गीत. आवाज फाटका... पण दोन ओळी झाल्या आणि वल्ह्यांना ताल सापडला. भीती गेली म्हणत नाही. ती होडीत मागे जाऊन बसली.

पहिल्या कडव्याचा शेवटचा सूर मी ओढत होतो. वल्हवणाऱ्याची पाठ पुढे, किनाऱ्याकडे असते. त्या पाठीमागून, पावसातून, दुसरं कडवं सुरू झालं. माझा सूर संपायच्या आत.

मुकुंद म्हणाला, "कोण रे तो? तुका संपवूक पण देणा नाय."

"तोंड आवाजार धर," एवढंच म्हणालो.

त्याने धरलं. मी गात राहिलो, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी तो आवाज माझ्या पुढे धावत राहिला. चौथ्या कडव्याला एका हाताशी खडक काळा दिसला, दुसऱ्या हाताशी वाळूवरचं पाणी उकळताना. आम्ही मधोमध. मग लाटांचे धक्के थांबले, मी मान वळवली, तर क्रूस समोर. त्याच्याखाली कोणी नव्हतं.

वाड्यातले पुरुष त्या दिवशी मासळी घेऊन मालवणला गेलेले. माय दार लावून घरात. आणि कोणी असता तरी काय? वारा दर्याकडून किनाऱ्याकडे सोसाट्याने जात होता. किनाऱ्यावर तोफ उडाली असती तरी आम्हाला ऐकू आली नसती. मुकुंदनेही ऐकलं होतं, नाहीतर मीच स्वतःला खोटारडा म्हटलं असतं. तो मरेपर्यंत दर दसऱ्यानंतर क्रुसाकडे एक नारळ आणि एक मेणबत्ती ठेवायचा.

पुढच्या मे महिन्यात मी वडिलांच्या जागेवर उभा राहिलो. लोक सूर ओढत होते, मी मध्येच दुसरं कडवं सुरू केलं. पोरी हसल्या. हसू दिलं.

तो आवाज वाऱ्याच्या उलट कसा आला, ते मला आजही सांगता येत नाही. आमच्या क्रुसाकडे मात्र दुसरं कडवं अजून घाईनेच सुरू होतं. आता सगळा वाडा तसंच म्हणतो. नवीन पाद्री आला की हात वर करून थांबवतो, चुकतंय म्हणतो.

मी म्हणतो, "फादर, तुम्ही होडीत नव्हता."