अक्काच्या घटातला माझा गहू

माझा स्वभाव चौकस, त्यातून धंदा बियाण्याचा. कुठलीही गोष्ट उकरून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. गेल्या वर्षी मात्र मी स्वतःलाच उकरत बसलो आणि पंचाईत झाली. जालन्यात स्वतःचं गोदाम, हाताखाली चाळीस माणसं, सगळं सुरळीत. तरी सकाळी शटर वर गेलं की मनात यायचं, हे सगळं कशासाठी? एका मोठ्या कंपनीला माझा धंदा विकत हवा होता. दसऱ्याला सांगतो, म्हणालो. देवीलाही विचारून पाहिलं.

घटस्थापनेला मी दरवर्षी केदारखेड्याला थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे जातो. घटाभोवतीच्या काळ्या मातीत ती घरची ज्वारी पेरते. त्या दिवशी निघताना काय सुचलं कोण जाणे, गोदामातल्या थप्पीच्या अगदी खालच्या पोत्यातला मूठभर गहू मी खिशात टाकला. रब्बीच्या पेरणीसाठी दुकानांकडे निघायचा होता तोच माल. अक्काने हसत घटातली अर्धी जागा दिली. "आण, देवीलाबी कळू दे तुझं बी कसंय ते."

पाचव्या माळेला तिचा फोन आला. "माझी ज्वारी बोटभर आली रे. तुझा गहू उगून न्हाई राह्यला. पाणी तर दोन्हीकडं बराबर घातलं."

मी तडक गेलो. एका बाजूला पिवळसर तुरे, दुसऱ्या बाजूला नुसती माती. खरं सांगतो, आधी मला देवीचाच राग आला. दाणा कुजला की तसाच आहे, एवढं तरी बघावं म्हणून मातीत बोट घालणार, तोच अक्काने मनगट धरलं.

"घट उकरत न्हाईत! उकरायचं तर तुझं गोदाम उकर."

तिच्या तोंडून ते सहज गेलं असेल. मला परतीच्या वाटेवर दुसरं काही सुचेना. तपासणीच्या कागदावर उगवण उत्तम होती. पण नमुना काढला होता वरच्या पोत्यांतून. थप्पी उतरवायचा आमच्याकडे सगळ्यांनाच कंटाळा, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. गोदामात जाऊन पाहिलं, तर खालच्या पोत्यांना भिंतीची ओल लागली होती. त्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. उघडले तेव्हा जवळजवळ सगळे जसेच्या तसे.

फार लाज वाटली. माझी पिशवी पेरून कुणी बाई आठ दिवस बांधावर माती न्याहाळत बसली असती, आणि तोवर पेरणीची वेळ निघून गेली असती. मी गाड्या थांबवल्या. सगळ्यांना बोलावून चूक माझी असल्याचं सांगितलं आणि त्यांच्याबरोबर थप्पी उतरवायला लागलो. घामाने निथळत टेकलो तेव्हा ध्यानात आलं, "कशासाठी" हा प्रश्न दोन दिवसांत मनात आलाच नव्हता.

दसऱ्याला कंपनीला नकार कळवला आणि केदारखेड्याला गेलो. अक्काने ज्वारीचा तुरा माझ्या टोपीत खोवला. मी आधी त्या रिकाम्या मातीपुढे डोकं टेकलं. हाताला नेमकं तेच पोतं कसं लागलं, हे मला आजही कळलेलं नाही. चौकस माणसाला हे जड जातं, पण तेवढं एक मी आता न उकरता ठेवलंय.

यंदाही घटस्थापनेला तळच्या पोत्यातली मूठ घेऊन गेलो. पाणी अक्काने घातलं. मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो.