पॉपीचं बी कुठून आणलंत

बागेतलं आपल्याला फार कळतं, असं माझं मत होतं. पॉपी म्हणजे गारठ्यातल्या लोकांचे चोचले, रत्नागिरीच्या दमट हवेत ती कसली जगतेय, असं मी शाळेत सगळ्यांदेखत म्हणून बसले. आमच्या शेजारच्या वर्गावर एक बाई होत्या. अकरा वर्षं आम्ही भिंतीला भिंत लावून शिकवत होतो. त्या दुसऱ्या दिवशी कागदाच्या पुडीत बी घेऊन आल्या. त्यांच्या अंगणात दर थंडीत पॉपी फुलायची, तिचंच धरून ठेवलेलं बी.

"पुरू नका हां," त्या म्हणाल्या. "खसखशीएवढं बी, पुरलंत की गेलं. वाळूत मिसळा नि वरनंच भुरभुरवा. समुद्रावरच्या पुळणीची वाळू नको, खारट असते. नि उगवलं की जागेवरनं हलवू नका, ते त्याला सोसत नाही."

दिवाळी सरल्यावर मी कुंपणाच्या दगडी गडग्याच्या आतल्या बाजूला वाफा केला. आमच्याकडे जांभ्यावर माती जेमतेम वीतभर, त्यात शेणखत घातलं. बी टाकल्या टाकल्या मुंग्यांची रांग लागली, मग कडेने राख पसरली. पाणी झारीनेच. आठ-दहा दिवसांनी वाफ्यावर हिरवट साय धरल्यासारखी दिसली, तीच रोपं. ती विरळ करायला माझा हात होईना. शेवटी एका रविवारी बाईच आल्या, उकिडव्या बसून निम्म्याहून जास्त रोपं उपटली, नखं मातीने भरून घेतली आणि चहा पिऊन गेल्या. चहा मी रोजच्या कपातूनच दिला, आणि तसा दिला म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. हेही आता लिहूनच टाकते.

कारण त्या बौद्धवाडीतल्या. पाचवीच्या वर्गाला समतेचा धडा मी घसा फोडून शिकवायचे.

जानेवारीत पॉपी फुलली. मान खाली घालून बसलेल्या कळ्या सकाळी वर बघायला लागत आणि टरफल टाकून मोकळ्या होत. लाल, गुलाबी, दोन-चार पांढऱ्या. पाकळ्या अशा की हात लावायची भीती वाटावी. मी बाईंना फोनवर फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, प्रत्यक्ष बघायला या.

त्याच आठवड्यात माझं हळदीकुंकू होतं. त्याला मी त्यांना बोलावलं नाही. त्यांच्यात हे नसतं, उगाच कशाला अवघडून टाकायचं, अशी मी माझीच समजूत घातली. दुपारी बायका जमल्या त्या घरात न येता वाफ्यापाशीच थबकल्या. माझी नणंद तर फुलवेडी, ती वाफ्याच्या कडेला बसलीच.

"वहिनी, बी कुठनं आणलंत?"

"कोल्हापूरच्या नर्सरीतनं," मी म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला. बाईंचं नाव घेतलं असतं तर पाठोपाठ आडनाव आलं असतं, आणि मग या सगळ्या एकमेकींकडे बघतील, असं मला वाटलं.

मान वळवली तर फाटकात बाई उभ्या. चांगली साडी नेसून फुलं बघायला आलेल्या. त्यांनी ऐकलं होतं. नणंदेला काही ठाऊक नाही, तिने त्यांना हात करून जवळ बोलावलं आणि कौतुकाने सांगितलं, "बघा ना, कोल्हापूरचं बी आहे."

बाई फुलांपाशी वाकल्या. "हो, तिकडचं बी चांगलं असतं," म्हणाल्या, आणि काम आहे सांगून निघाल्या. मी त्यांना थांबा म्हटलं नाही, साधा तिळगूळ हातावर ठेवला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी आत येऊन मी सगळ्यांना हसत हसत वाण दिलं.

शाळेत त्या पहिल्यासारख्याच बोलत राहिल्या. ते मला जास्त जड गेलं. भांडल्या असत्या तर मी चार कारणं सांगितली असती, कारणं सांगण्यात मी पटाईत आहे.

बोंडं वाळली तेव्हा बी झाडून पुडी बांधली आणि एसटीने मालगुंडकडे त्यांच्या घरी गेले. ओटीवर बसल्या बसल्याच सांगितलं, "त्या दिवशी मी खोटं बोलले. मला लाज वाटते."

"हळदीकुंकवाला बोलावलं नाहीत, त्याचं मला काही नाही," बाई म्हणाल्या. "पण माझं नाव सांगितलं असतंत, तर तुमच्या नणंदेने तोंड वाकडं केलं असतं काय?"

मी खरंच विचार केला. "नाही. ती दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे बी मागायला आली असती."

"मग बाकीच्या बायका?"

त्यांतल्या एकेकीचा चेहरा मी आठवून बघितला. "त्याही काही म्हणाल्या नसत्या."

"मग चाललं नसतं कुणाला?"

"मला," मी म्हणाले.